ड्यून, दोनदा

नमस्कार श्रोतेहो.

एकाच कादंबरीवर दुसऱ्यांदा चित्रपट आला की पहिला प्रश्न ठरलेला: जुना चांगला की नवा? विज्ञानपटांच्या बाबतीत तर निकाल आधीच लागलेला असतो. जुन्यातली यानं पुठ्ठ्याची वाटतात, नव्यातली खरी, विषय संपला. ‘ड्यून’चा विषय मात्र असा संपत नाही. डेव्हिड लिंचचा ‘ड्यून’ १९८४चा. डेनी विल्नव्हचा २०२१ आणि २०२४ असा दोन भागांतला. दोन्ही पाठोपाठ पाहिले, की तंत्रापेक्षा वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष जातं. ही कथा आपल्याला सांगतंय कोण?

कथा थोडक्यात सांगतो. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह. तिथे ‘स्पाइस’ नावाचा पदार्थ मिळतो, विश्वात दुसरीकडे कुठेच मिळत नाही आणि त्याच्याविना ताऱ्यांमधला प्रवास अशक्य. सम्राट हा ग्रह अट्राइडीस घराण्याच्या हवाली करतो आणि मग त्याच घराण्याचा काटा काढतो. वारस पॉल आईसह वाळवंटात पळतो. तिथले फ्रेमेन लोक त्याला आपला तारणहार मानू लागतात. मेख अशी, की तारणहार येणार ही श्रद्धा तिथे मुद्दाम पेरलेली असते. बेने गेसेरिट या स्त्रियांच्या पंथाने, पिढ्यान्‌पिढ्या आधी, पुढेमागे आपल्या कुणाला उपयोगी पडावी म्हणून. आणि पॉलची आई जेसिका त्याच पंथातली.

फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी १९६५ची. तिचं बीज अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर सापडतं. सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचं काम तिथे चाललं होतं. हर्बर्ट पत्रकार म्हणून त्यावर लिहायला गेला आणि वाळवंटातच गुंतला. म्हणून या कादंबरीत पाणी, वाळू, गवत, किडे यांचा हिशेब चोख असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिंचचा चित्रपट सुरू होतो तो सम्राटाच्या मुलीच्या, राजकन्या इरुलानच्या चेहऱ्यावर. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ती आपल्याकडे बघत सगळा इतिहास सांगते. यात लिंचची चूक नाही. मूळ पुस्तकातही प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर इरुलानच्याच लेखनातला उतारा असतो. पण हा चित्रपट सांगायचं थांबतच नाही. पात्रांच्या मनातलं कुजबुजत्या आवाजात सतत ऐकू येतं. अमेरिकेतल्या काही थिएटरांत तर प्रेक्षकांच्या हातात शब्दार्थांचा कागद दिला होता! १३७ मिनिटांत अख्खी कादंबरी कोंबायची, आणि अंतिम संकलनाचा अधिकार दिग्दर्शकाकडे नाही, म्हटल्यावर दुसरं काय होणार? तिकीटबारीवर चित्रपट पडला. पुढे टीव्हीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून लिंचने आपलं नावच काढून घेतलं.

आम्हा रेडिओवाल्यांना मात्र त्या कुजबुजीचं फारसं वावडं नाही. डोळे मिटून हा चित्रपट ऐकला तर बराचसा कळतो.

विल्नव्हचा पहिला भाग उघडतो चानीच्या आवाजाने. चानी म्हणजे फ्रेमेन मुलगी. सूर्य कलला की आपला ग्रह किती सुंदर दिसतो, इथपासून ती सुरुवात करते. मग बाहेरून आलेल्यांनी केलेली लूट सांगते, आणि एक राज्यकर्ते गेल्यावर आता पुढचे जुलमी कोण येणार, असं विचारते. लगेच पडद्यावर दिसतो पॉल. आपला नायक! राजवाड्यातून सांगितलेली गोष्ट आता वाळवंटातून सांगितली जाते आणि दोनच मिनिटांत नायकाकडे संशयाने बघायची सोय होते. दुसऱ्या भागाच्या आरंभी इरुलान परत येते, पण ती आता आपली टिपणं नोंदवणारी, स्वतःच कोड्यात पडलेली.

एक प्रसंग जवळून बघू. बेने गेसेरिट पंथातली एक ज्येष्ठ वृद्धा पॉलची परीक्षा घेते. त्याने एका पेटीत हात घालायचा. आत मरणाच्या वेदना, आणि हात बाहेर काढला तर मानेशी धरलेली विषारी सुई. लिंच आपल्याला जळून सोलवटणारा हात दाखवतो आणि भीती आवरण्याचा मंत्र पॉलच्या मनातून ऐकवतो. विल्नव्ह कॅमेरा फिरवतो दाराबाहेर. तिथे जेसिका उभी आहे, थरथरत तोच मंत्र पुटपुटतेय. मुलाला परीक्षेला धाडणारीही तीच, आणि त्याच्या वाटची भीती भोगणारीही तीच. आई-मुलाचं नातं एका दारात उभं केलंय. या एका प्रसंगावर मी नव्याला झुकतं माप देतो.

आता शेवट. लिंचच्या चित्रपटात विजयानंतर पॉलच्या सामर्थ्याने अराकिसवर धो धो पाऊस पडतो. चमत्कार, जयजयकार, संपलं. पुस्तकात असं काही नाही, आणि असूही शकत नाही. ज्या प्रचंड वाळूकिड्यांमुळे स्पाइस तयार होतो, त्यांना पाणी म्हणजे विष. असा पाऊस खरोखर पडला तर किडे मरणार, स्पाइस संपणार, ताऱ्यांमधली वाहतूक ठप्प. तारणहाराने पहिल्याच दिवशी साम्राज्याचं दिवाळं काढलं म्हणायचं! पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पावसामुळे पॉल खरोखरच देव ठरतो, आणि पेरलेल्या श्रद्धेची ती मेख निसटून जाते. नायकांच्या नादी लागू नका, हे हर्बर्टला सांगायचं होतं. वाचकांनी पॉललाच डोक्यावर घेतलं. १९६९च्या पुढच्या कादंबरीत मग त्याने पॉलच्या नावाने झालेला संहार उघडच मांडला.

विल्नव्ह इथे पुस्तक मोडतो आणि लेखकाच्या जवळ जातो. कादंबरीतली चानी पॉलची निष्ठावान सोबतीण. नव्या चित्रपटातली चानी ही भाकितं थोतांड आहेत असं तोंडावर सांगते, आणि सगळे गुडघे टेकत असताना निघून जाते. मूळ संहितेशी इमान राखणं म्हणजे ओळीला ओळ जुळवणं, असं मानणाऱ्यांनी हा बदल जरूर बघावा.

तरी नवा सर्वगुणसंपन्न नाही हो. सहा ऑस्कर मिळालेल्या पहिल्या भागात छायाचित्रण, ध्वनी, सगळं अव्वल. जॉर्डनच्या वादी रममधली वाळू खरी. पण सगळं कसं घासूनपुसून, गंभीर, राखाडी. लिंचकडे काचेच्या टाकीत, केशरी धुरात तरंगणारा, ताऱ्यांमधली वाहतूक चालवणाऱ्या ‘गिल्ड’ या संघाचा नाविक आहे, एक अजस्र, ओंगळ जीव. स्पाइस माणसाचं काय करतो ते त्याच्याकडे एकदा बघून कळतं. विल्नव्हच्या दोन भागांत मिळून जवळपास साडेपाच तास आहेत, तरी त्या प्राण्याला जागा नाही. पॉलची बहीण आलियाही लिंचकडे चालतीबोलती भेटते, खंजीर हातात घेऊन नाचणारी चिमुरडी. नव्यात ती अजून आईच्या पोटातच आहे आणि तिथूनच बोलते. दुसऱ्या भागातली ही युक्ती मला निम्मीच पटली.

नवा ‘ड्यून’ पाहिलेल्यांनी म्हणून जुना टाळू नये. इरुलानचं पहिलं निवेदन ऐका, नाविकाचा प्रसंग बघा, पावसाशी हवं तर भांडा. लिंचनेही पुढच्या कादंबरीची पटकथा लिहायला घेतली होती. पहिलाच चित्रपट आपटल्यावर ती अर्धवट राहिली. तीच कादंबरी आता विल्नव्हने तिसऱ्या भागासाठी हाती घेतलीय.

नमस्कार.