पोळी-दूध आणि कुत्र्याची कातडी

मंडळी, कुत्र्याचे केस गळतात म्हणून येणारे बरेच जण आधी शाम्पूची बाटली दाखवतात. "डॉक्टर, हा बदलू का?" मी विचारतो, काल दिवसभरात त्याच्या पोटात काय गेलं? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. सकाळी पोळी-दूध, रात्री पोळी-दूध, रविवारी हाडं.

एक मात्र आधी सांगतो. सगळं खापर जेवणावर फोडू नका. शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून बघा. मिरपुडीसारखे काळे कण दिसले, तर ते ओल्या कापसावर टिपा. तांबूस डाग उमटला की समजा, ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्याच कुत्र्याचं पचलेलं रक्त. अशा वेळी कितीही चांगलं खाऊ घाला, पिसवा जाईपर्यंत खाज थांबायची नाही.

पिसवा, गोचीड, खरूज नाही असं ठरलं की मग जेवणाकडे वळू. पोळी म्हणजे विष नव्हे. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिठूळ अन्न कितीतरी बरं पचतं. त्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या जास्त प्रती त्याच्याकडे असतात, हे 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. अडचण आहे ती नुसत्या पोळीवर ठेवण्याची. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि गव्हाच्या प्रथिनात लायसीन हा प्रथिनाचा एक आवश्यक घटक कमी. शिवाय कणकेतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही. वर दुधातलं कॅल्शियम आलं की ही पकड आणखी घट्ट होते. म्हणजे आपण प्रेमाने कुस्करून देतो ती जोडीच जस्ताच्या मुळावर येते! जस्त फार कमी पडलं तर डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरतात, पंजाच्या गाद्या कडक होतात. हस्की पाळणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष ठेवावं; त्या जातीतल्या काही कुत्र्यांना मुळातच जस्त नीट शोषता येत नाही.

उकडलेलं अंडं हा सगळ्यांत सोपा उपाय. कच्चं नको, कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला, म्हणजे कातडी-केसांना लागणाऱ्या एका जीवनसत्त्वाला, बांधून ठेवतं. अंडं चालत नसेल त्या घरात पनीर द्या, पण एवढ्यावर भागत नाही. शाकाहारी कुत्र्याचा आहार पशुवैद्याकडून आखूनच घ्यावा.

आता तेल. 1929 साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश नसलेलं अन्न दिलं, तर उंदरांच्या कातडीला खवले धरले. शरीराला बनवता न येणारी, खाण्यातूनच मिळणारी स्निग्धाम्लं असतात, हे त्यातून कळलं. त्यातलं लिनोलेइक आम्ल कुत्र्यालाही लागतं. आणि ते भरपूर कशात? आपल्या सोलापूरकडच्या, मराठवाड्यातल्या करडईत! नेहमीच्या करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर. दहा किलोच्या कुत्र्याला जेवणावर एक लहान चमचा पुष्कळ झाला. चमच्याची पळी करू नका; फार तेलाने जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. खोबरेल आणि तूप या कामाचे नाहीत, त्यांत हे आम्ल नावापुरतंच असतं.

खाज आणि लाली कमी व्हायला मदत होते ती ओमेगा-3 या दुसऱ्या प्रकारच्या स्निग्धाम्लांची. जवसात ते आहे, पण ज्या रूपात हवं त्यात कुत्र्याचं शरीर ते फार थोडं बदलू शकतं. त्यापेक्षा तारली किंवा बांगडा बरा: उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसणाच्या कालवणातला तुकडा मुळीच नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आणि माशाचं तेल म्हणून कॉड लिव्हर ऑइल देऊ नका. त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं अंगात साठत जातात.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्याभरात फोन करून "काहीच झालं नाही" म्हणू नका.

एवढं करूनही बाराही महिने पंजे चाटणं, कान खाजवणं चालूच असेल, तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करायचा. तिची खात्री रक्त तपासून होत नाही. पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन आठ आठवडे द्यायचं, दुसरं काही नाही, आणि मग जुनं अन्न देऊन खाज परतते का ते पाहायचं. हे बिनसतं कुठे, माहीत आहे? आजोबा टेबलाखालून बिस्कीट देतात, सोसायटीचा वॉचमन टोस्ट देतो. घरातल्या प्रत्येकाला, वॉचमनलाही, पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि जंताची चघळायची चविष्ट गोळी द्यायची झाली, तर त्या दोन महिन्यांत बिनचवीची मागून घ्या.