आधी माशाचं, मग आपलं

(दृश्य: छोटी काचेची टाकी. निळा मासा कल्ले हलवत वर येतो.)

हा बेट्टा. आपल्याकडे दुकानात याला 'फायटर' म्हणतात. दुसरा नर दिसला की भांडण काढतो, म्हणून बिचारा एकटाच राहतो. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला, डॉक्टरांनी हा मासा चक्क टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या घरी पाठवला.

या आजारात रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन शरीरात जवळपास तयारच होत नाही. बोट टोचायचं, स्ट्रिपवर थेंब घ्यायचा, आकडा बघून इन्सुलिन घ्यायचं. दिवसातून कितीतरी वेळा, आणि सुट्टी नाही. मूल लहान असतं तोवर आई बघते. बारा-तेराचं झालं की हे त्याच्या अंगावर पडायला लागतं, आणि नेमका तेव्हाच त्याला सगळ्याचा वीट आलेला असतो. 'शुगर किती आली?' म्हटलं की दार आपटलंच!

(दृश्य: चिमूटभर दाणे पाण्यावर पडतात. बाजूला ग्लुकोमीटर.)

डॅलसच्या प्रयोगात 10 ते 17 वयाची 28 मुलं होती. निष्कर्ष 2015मध्ये प्रसिद्ध झाले. मासा ज्यांच्याकडे गेला, त्यांनी सकाळी त्याला दाणे टाकायचे आणि लगेच आपली शुगर तपासायची. संध्याकाळी पुन्हा तेच. आठवड्यातून एकदा टाकीचं पाणी बदलायचं, आणि त्याच बैठकीत घरच्या मोठ्यांबरोबर आठवड्याचे आकडे बघायचे. बस्स.

तीन महिन्यांनी मासेवाल्या मुलांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, साधारण अर्ध्या टक्क्याने उतरलं. बाकीच्यांचं 0.8 टक्क्याने चढलं. प्रयोग छोटाच, पण एरवी ज्या मुलाची सगळे काळजी घेतात, त्याच्यावर इथे कुणीतरी अवलंबून होतं. आणि मासा शुगर विचारत नाही, त्याला फक्त भूक लागते.

2016मध्ये याच संशोधकांनी घरातल्या कुत्र्या-मांजरांकडे मोर्चा वळवला. प्राण्यांचं करायला जी मुलं स्वतः हात लावत होती, त्यांची शुगर आटोक्यात असण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. म्हणजे कुत्रा मुलाचा, पण त्याचं खाणंपिणं आणि फिरवणं आईच्याच गळ्यात, असं असेल तर ते यात धरायचं नाही. अर्थात, मुळात शिस्तीचं मूल शुगरही बघतं आणि कुत्र्यालाही, असंही असू शकतं.