स्वतःचं वाक्य नसताना

नमस्कार श्रोतेहो.

एकांकिका स्पर्धांचे आणि गॅदरिंगचे दिवस जवळ आले की कॉलेजच्या रिकाम्या वर्गांत, सोसायटीच्या गच्चीवर, गावच्या समाजमंदिरात तालमी सुरू होतात. पहिल्यांदाच नाटकात काम करणारी मुलं तेव्हा हमखास विचारतात, आधी काय शिकायचं? आवाज, पाठांतर, रंगमंचावर उभं राहणं, चालणं हे सगळं लागतंच आणि त्याबद्दल मी थोडं बोलणारही आहे. पण आज मला मुख्यतः सांगायचंय ते नट गप्प असतो तेव्हाच्या कामाबद्दल. चार पात्रांच्या एकांकिकेत आपल्या वाट्याला बोलायचा वेळ येऊन येऊन किती येणार? बाकी सगळा वेळ आपण प्रेक्षकांसमोर असतो आणि बोलत दुसरंच कोणीतरी असतं. त्या वेळात आपण खरोखर ऐकतोय की नुसती आपल्या वाक्याची वाट बघतोय, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

एक प्रसंग घेऊ. आई ताटात तांदूळ निवडत बसलीय. मुलगा बाहेरून येतो, चपला काढतो आणि म्हणतो, "आई, मी घर विकायचं ठरवलंय." संहितेत आईचं पुढचं वाक्य आहे, "चहा टाकू?" बस, एवढंच.

नवखी मुलगी हे करताना काय होतं? मुलानं तोंड उघडायच्या आतच तिचा हात थांबतो. पुढचं वाक्य तिला पाठ आहे ना! पण आईला ते कुठे माहीत आहे? दुसरी एखादी मुलगी वाक्य पूर्ण होऊ देते, मग हात थांबवते, मग मान वर करते, मग डोळे मोठे करते आणि मग चहाचं विचारते. सगळं बरोबर, पण दिग्दर्शकानं सांगितलेलं एकेक उरकल्यासारखं.

आता असं करून बघा. "घर" या शब्दापर्यंत बोटं चालूच आहेत. "विकायचं" कानावर पडतं तेव्हा ती मंदावतात, पण थांबत नाहीत. आपण काहीतरी भलतंच ऐकलं असं तिला वाटतं. "ठरवलंय" म्हटल्यावर मात्र थांबतात. हा विचारायला आलेला नाही, सांगायला आलाय, हे तिला त्या क्षणी उमगतं. मग ती एक खडा उचलते, बाजूला टाकते आणि वर न बघता म्हणते, "चहा टाकू?" तीनच शब्दांत केवढं घडलं बघा, आणि त्यातलं आईचं एकही वाक्य नव्हतं.

अशा प्रसंगाच्या तालमीला ताटात खरे तांदूळ घ्या. पहिल्या दिवसापासून घ्या, रंगीत तालमीची वाट बघू नका. रिकाम्या ताटावर फिरणाऱ्या बोटांना करण्यासारखं काही नसतं, म्हणून ती खोटी दिसतात. शिवाय तांदूळ ताटात सरकण्याचा बारीकसा आवाज लहान सभागृहात चांगला ऐकू येतो. तो बंद पडला की प्रेक्षकांची नजर आपोआप त्या बाईकडे जाते. त्यासाठी वेगळा स्पॉट टाकावा लागत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराचा, वाणीचा, वेशभूषा-रंगभूषेचा आणि चौथा सत्त्वाचा. हे सत्त्व मनातून उपजतं आणि मन एकाग्र झाल्यावरच येतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. हात थांबवणं हा झाला आंगिक अभिनय. तो नेमका "ठरवलंय"वरच थांबणं, तेही दर प्रयोगात नव्यानं, हे एकाग्र कानांशिवाय साधत नाही.

आपल्या मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी ऐकण्यातून झालाय. 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आयत्या वेळी बोलायची. सिंधुदुर्गातला, गोव्यातला दशावतार आजही तसाच चालतो. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच सगळं. बाजूला पेटी, पखवाज, झांज. कथानक ठरलेलं, संवाद मात्र तिथल्या तिथे सुचणारे. समोरच्या राजानं नवाच मुद्दा काढला तर राक्षसाला त्यालाच उत्तर द्यावं लागतं, घोकून आणलेलं भाषण तिथे चालत नाही. ज्यांना नाटक शिकायचंय त्यांनी एका जत्रेत रात्रभर बसून हे बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोलणाऱ्याकडे बघू नका, गप्प असलेल्याकडे बघा.

लिहिलेली संहिता हातात आली की मात्र ही सवय सुटते. मुलं पहिल्याच वाचनाला आपापली वाक्यं रंगीत पेननं अधोरेखित करतात आणि दुसऱ्याच्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लक्षात ठेवतात, क्यू म्हणून. तिथेच घोटाळा होतो. त्यापेक्षा आपला प्रवेश सुरुवातीला एकदा हातानं उतरवून काढा, समोरच्याच्या वाक्यांसकट. आणि आठवड्यातून एखाद्या तालमीत भूमिकांची अदलाबदल करा. मुलाचं काम करणाऱ्यानं एकदा तांदूळ निवडत बसावं.

आता आवाज. आवाजाची फेक म्हणजे ओरडणं, असा समज अजून गेलेला नाही. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमका तिथेच नवख्या नटाचा श्वास संपतो. "मी तुझ्याबरोबर येणार नाही" या वाक्यातलं "नाही" खाली पडलं की मागच्या रांगांना उलटाच अर्थ पोचतो. म्हणून श्वास असा घ्या की "नाही" म्हणून झाल्यावरही तो थोडा उरेल. मित्राला शेवटच्या रांगेत बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्याला परत म्हणायला सांगा. नाट्यशास्त्रात माणसांसाठी सांगितलेलं नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद आहे, म्हणजे अंदाजे 96 फूट बाय 48 फूट. त्याहून मोठं बांधलं तर शब्द विरतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही दिलंय. माईक असला तरी ही मापं विसरण्यासारखी नाहीत, कारण माईक चेहरा पोचवत नाही.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. रंगमंचाची उजवी-डावी बाजू नटाच्या हिशेबानं, तो प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असताना. सहकलाकाराला झाकू नका. दुसऱ्याच्या महत्त्वाच्या वाक्यावर विनाकारण हललात तर प्रेक्षकांची नजर तुमच्याकडे वळते आणि ते वाक्य वाया जातं. प्रेक्षकांकडे पाठ मात्र खुशाल करा, कारण असेल तर. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीनं उभी राहिलेली माणसंच पडदा झाली होती. ती प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी राहिली की मागचं झाकलं जायचं, वळली की गाणारे-नाचणारे पुण्याचे ब्राह्मण व्हायची. या ओळीतल्या बहुतेकांच्या वाट्याला स्वतंत्र वाक्यं फारशी नव्हती, पण एकाचाही ताल चुकला असता तर अख्खी भिंत कोसळली असती. मराठीत समूहानं एकमेकांना ऐकण्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आणि प्रयोग सुरू झाला की आणखी एकाला ऐकायचं असतं, प्रेक्षकाला. तालमीत त्याचा सराव होत नाही, म्हणून विनोदी प्रवेशात नवे नट गडबडतात. हशा उसळलेला असतानाच पुढचं वाक्य घेतलं तर ते बुडतं. हशा पार विझेपर्यंत थांबलात तर प्रवेश थंड पडतो. लाट चढू द्या, उतरायला लागली की बोला. तोपर्यंत गोठून उभे राहू नका, त्या पात्राच्या मनात जे चाललंय ते चालू ठेवा. आणि जिथे हमखास हशा येतो असं तुम्हाला वाटत होतं तिथे आज आलाच नाही, तर त्याच्यासाठी थांबू नका. समोरच्या नटाकडे बघा, त्यानं आत्ता काय म्हटलं ते घ्या आणि पुढे चला.

नमस्कार.