साडेपाच सेंटीमीटर

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. आधी एक विनंती, भाषण ऐकता ऐकता आपापलं पोट दाबून बघू नका. असा विषय निघाला की पहिल्या रांगेत कोणीतरी ते करतंच.

तुम्ही सगळ्यांनी या गावात सायकली हाणल्या आहेत. टायर एका जागी झिजला की तिथे टेंगूळ यायचं, आपण म्हणायचो, ‘फुगा आलाय’. पोटातल्या महाधमनीला हेच होतं. हृदयातून निघालेली ही नळी पाठीच्या कण्याला टेकून खाली येते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. तिचा व्यास पोटात साधारण २ सेंटीमीटर असतो. ३ झाला की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणायचं. बहुधा हा फुगा किडनीच्या धमन्यांच्या खालीच येतो. साठी-पासष्टी उलटलेले पुरुष, भावाला किंवा वडिलांना हाच त्रास असलेले, आणि सगळ्यात आधी विडी-सिगारेट ओढणारे, यांना धोका जास्त. बायकांना कमी होतो, पण झाला तर लहान असतानाच फुटायची भीती अधिक.

दुखत काहीच नाही, हीच पंचाईत. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर आले होते. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात हा पाहुणा निघाला, ४.२ सेंटीमीटर. मी म्हटलं, ‘सिगारेट आजपासून बंद, बीपीची गोळी चुकवायची नाही, वर्षानं परत सोनोग्राफी.’ मास्तर म्हणाले, ‘मग हा फुटणार कधी ते तरी सांगा, त्या हिशोबानं नातीच्या लग्नाची तारीख धरतो.’

त्यांना वाटलं मी टाळतोय. पण ब्रिटन आणि अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. ४ ते ५.५ सेंटीमीटरचे फुगे लगेच कापून जास्त माणसं वाचली नाहीत. लहान फुगा फुटण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका मोठा ठरतो. मात्र व्यास वाढेल तसा भिंतीवरचा ताण वाढतो, रक्तदाब तोच असला तरी. म्हणून पुरुषांत ५.५, बायकांत ५च्या आसपास आम्ही हत्यारं काढतो. तोवर मोजत राहायचं. पर्वती सावकाश चढलात तर चालेल, गॅसचं सिलिंडर मात्र मुलाला उचलू द्या.

ऑपरेशनचे दोन रस्ते. जुना म्हणजे पोट उघडायचं. फुग्याच्या वर-खाली क्लॅम्प लावायचे, फुगा उभा चिरायचा. आत वर्षानुवर्षं साचलेली गुठळी असते, मातकट, थरांवर थर. ती काढून डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाची, नळी आत शिवायची आणि फुग्याचीच भिंत तिच्यावर पांघरायची. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुग्याचा भाग काढून मृत माणसाची धमनी बसवली होती. पुढे अमेरिकेत डिबेकी यांनी डेक्रॉनच्या नळ्या चक्क घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या. मला ही गोष्ट फार आवडते.

दुसरा रस्ता जांघेतून. १९९० मध्ये ब्यूनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी घडी केलेली नळी जांघेतल्या धमनीतून वर सरकवून आत उघडली. पोटावर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. पण नळीच्या कडेनं रक्त पुन्हा फुग्यात झिरपू शकतं, म्हणून तपासण्या जन्मभर. चार वर्षांनी मास्तरांचा आकडा ५.६ झाला तेव्हा त्यांनी हाच रस्ता घेतला. नातीचं लग्न त्याआधीच उरकलं होतं.

ज्यांना कळतच नाही त्यांचं काय? ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीला एकदा सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे ते बोलावणं येत नाही, तेव्हा सिगारेट ओढलेल्यांनी स्वतःच डॉक्टरांकडे विषय काढावा.

शिकाऊ असताना रात्री अडीचला एक गृहस्थ आले. डावी कूस दुखतेय, घाम फुटलेला, वय सत्तर. मी मुतखडा समजून इंजेक्शन दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. तासाभरात बीपी कोसळलं. आमच्या सरांनी चादर बाजूला केली, बेंबीच्या वर कातडी ठोक्याबरोबर उचलत होती. ते गृहस्थ वाचले नाहीत. आज साठीपुढच्या कोणाला ‘पहिल्यांदाच मुतखडा’ म्हणून पाठवलं, की कागद उघडण्याआधी मी पोटावर हात ठेवतो.