गलबतावरचा बोका

(दृश्य: गुलटेकडी, मार्केट यार्ड. भुसार विभागातला एक गाळा, सकाळची वेळ.)

ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवर हे मांजर गाढ झोपलंय. हमालांची ये-जा चालू आहे, पण त्याचा कानही हलत नाही. त्याला कुणी पाळलेलं नाही, कुणी हाकलतही नाही. रात्री पोत्यांना उंदीर लागतात, एवढं कारण पुरतं.

पुण्याला समुद्र नाही. तरी दर्यावरच्या मांजरांची गोष्ट या गाळ्यातूनच सुरू करावीशी वाटली. शिडाचं जहाज म्हणजे महिनोन् महिने पाण्यावर राहणारी वखारच की. पोटात पीठ, डाळी, बिस्किटं, आणि त्यावर टपलेले उंदीर. हे उंदीर अन्न नासवायचे, शिवाय दोर आणि शिडांचं कापडही कुरतडायचे. तो काळा जहाजी उंदीर मूळचा आपल्याच भारतीय द्वीपकल्पातला. व्यापाराच्या मालाबरोबर तो जगभर गेला, आणि मांजरंही जहाजांवरूनच दूरदूर पोहोचली. उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर, वायकिंग दर्यावर्दींच्या एका बंदरात सापडलेल्या मांजराच्या डीएनएचं नातं थेट इजिप्तच्या मांजरांशी जुळलं.

मध्ययुगात भूमध्य समुद्रावर चालणाऱ्या सागरी कायद्यात तर यावर कलमच होतं. जहाजावर मांजर नसेल आणि उंदरांनी माल खाल्ला, तर भरपाई जहाजमालकाने द्यायची.

आपल्याकडे काळं मांजर आडवं गेलं की पाऊल थबकतं. इंग्रज खलाशी मात्र काळं मांजर शुभ मानायचे. नवरा दर्यावरून सुखरूप परतावा म्हणून त्यांच्या बायकाही घरी काळं मांजर सांभाळायच्या.

(दृश्य: जुना नकाशा. केप ऑफ गुड होपपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची रेघ.)

असाच एक काळा बोका, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. नाव ट्रिम. १७९९ साली 'रिलायन्स' जहाजावर, भर समुद्रात जन्मला. पिल्लू असतानाच पाण्यात पडला. पोहत जहाजाशी आला, टाकलेला दोर पंजांनी धरला आणि वर चढला. त्या दिवसापासून तो मॅथ्यू फ्लिंडर्स या तरुण अधिकाऱ्याचा झाला.

फ्लिंडर्सने 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घालून किनाऱ्याचा नकाशा केला. ट्रिम बरोबर होता. १८०३ मध्ये परतीच्या वाटेवर त्यांचं दुसरं जहाज, 'पॉरपॉइज', प्रवाळखडकावर फुटलं. वाळूच्या एवढ्याशा बेटावर अडकलेल्या खलाशांमध्ये ट्रिमही होता. तिथून सुटून फ्लिंडर्स आणि ट्रिम एका लहानशा जहाजाने निघाले ते मॉरिशसला पोहोचले. पुढे आपली कोकणातली माणसं ज्या बेटावर ऊसमळ्यांत राबायला गेली, तेच हे मॉरिशस. तेव्हा ते फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध पेटलेलं. फ्लिंडर्सला हेर समजून कैद केलं.

कैदेत मांजराचे हाल नकोत म्हणून ट्रिमला एका फ्रेंच बाईंकडे, त्यांच्या छोट्या मुलीच्या सोबतीला दिलं. पंधरा दिवसांत तो नाहीसा झाला. बक्षीस जाहीर झालं, शोध झाला, पण ट्रिम काही सापडला नाही. कुणा भुकेल्या गुलामाने त्याला मारून खाल्लं असावं, असं फ्लिंडर्सला वाटत राहिलं.

नकाशे काढणाऱ्या या माणसाने १८०९ साली, कैदेतच, आपल्या मांजराचं चरित्र लिहिलं. मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सहा वर्षं अडकून पडलेला कप्तान आठवत बसलाय, की जेवणाच्या टेबलावर ट्रिम सगळ्यांच्या आधी कसा हजर असायचा, आणि नम्रपणे म्याव करून प्रत्येकाकडून घास कसा मिळवायचा. कधी मायदेशी गवताने शाकारलेलं घर आणि अर्धा एकर जमीन मिळाली, तर तिच्या एका शांत कोपऱ्यात ट्रिमचं स्मारक उभारीन, असंही त्यात लिहिलंय.

१८१० साली फ्लिंडर्स सुटला. १८१४ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गेला. स्मारक राहून गेलं.

(दृश्य: सिडनी, मिचेल लायब्ररी.)

इथे फ्लिंडर्सचा पुतळा आहे. त्याच्या पाठीमागे, खिडकीच्या कठड्यावर, १९९६ पासून ब्राँझचा ट्रिम उभा आहे.