खोलण्याआधी मोजा : एमजीबीच्या झिजलेल्या इंजिनाविषयी

गाडी धूर मारते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिनचं काम काढायचं. हा निष्कर्ष आपल्याकडे इतक्या झटकन निघतो की गाडी नीट गरमही झालेली नसते आणि चेन-पुली टांगायची तयारी सुरू होते. मला आज त्याच्या विरुद्ध बोलायचं आहे. इंजिन खोलणं हा तपासणीचा शेवटचा टप्पा आहे. आणि खोलल्यावरसुद्धा मोजल्याशिवाय एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धातू काढायचा नाही, कारण बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, एकदा वाढवला की तो वाढलाच. पुढे आत लायनर, म्हणजे नवी नळी, ठोकता येतो, पण तो नाइलाजाचा इलाज आहे.

उदाहरणाला एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून अधिक निघाल्या. चार सिलिंडर, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. १९६४ पर्यंत क्रँकला (पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीन मेन बेअरिंग होती, त्यानंतर पाच झाली. इंजिनाच्या या घराण्याला बी-सिरीज म्हणतात आणि ते आपल्याला परकं नाही. अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही सुरुवातीला १४८९ सीसीचंच इंजिन होतं. स्ट्रोक तिन्हींचा ८८.९ मिलिमीटर, फक्त एमजीबीचा बोअर मोठा, ८०.२६ मिलिमीटर. ज्या मिस्त्रींनी अँबॅसडरचं हेड उतरवलं आहे, टॅपेट लावले आहेत, त्यांच्या हाताला एमजीबीचं इंजिन लगेच ओळखीचं वाटतं. हे हातातलं ज्ञान आपल्या जुन्या गॅरेजांमध्ये अजून आहे. तरुण मुलांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

आता धुराकडे येऊ. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. तिथे रिंगांचा काही संबंध नाही, एसयूची जेट आणि नीडल बघा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. निळा धूर मात्र दोन जागांहून येऊ शकतो, आणि तो कधी येतो यावर सगळं अवलंबून आहे. लांबलचक उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच उतरू द्या, खाली आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि आरशात पाहा. त्या क्षणी निळा ढग निघाला आणि थोड्या वेळात विरला, तर संशय वॉल्व्ह गाइडवर, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावर, घ्या. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या नळ्यांत) व्हॅक्यूम जास्त असतो आणि तो झिजलेल्या गाइडमधून ऑइल खाली ओढतो. उलट चढावर, लोडवर, सतत निळा धूर असेल तर मग रिंगा आणि बोअर. पहिल्या प्रकारात फक्त हेड उतरवून भागतं, दुसऱ्यात बहुधा पूर्ण इंजिन.

त्याआधी आणखी एक गोष्ट बघाच. १९६४ नंतरच्या काही वर्षांतल्या एमजीबींमध्ये क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या पोकळीतला) वायू ओढून घेणारा एक गोल व्हॉल्व्ह मॅनिफोल्डवर बसवलेला असतो, त्यात रबरी पडदा असतो. तो पडदा फाटला की मॅनिफोल्ड क्रँककेसमधली ऑइलची वाफ ओढत राहतं आणि गाडी हुबेहूब रिंगा गेल्यासारखा धूर मारते. एका पडद्यापायी बोअर वाढवणं यापेक्षा मोठा अन्याय इंजिनावर दुसरा नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब देतो हे गेजवर पाहणं, सगळ्यांना माहीत असते, पण ती घाईत केली जाते. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत, बॅटरी भरलेली हवी आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट केली तर चांगलं इंजिनसुद्धा आजारी दिसेल. आकडा किती आला यापेक्षा चारही आकड्यांमध्ये फरक किती आहे, हे महत्त्वाचं. जिथे आकडा कमी येतो तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा टेस्ट करा. आकडा चढला तर गळती रिंगांजवळ, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट जळलेलं असण्याची शक्यता मोठी. बी-सिरीजच्या हेडची रचना इथे लक्षात ठेवायची : एक्झॉस्टचे पोर्ट चार नाहीत, तीनच आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची आग एकाच मधल्या पोर्टमधून बाहेर पडते, म्हणून हेडचा मधला भाग सर्वांत जास्त तापतो. वॉल्व्ह जळणं, दोन सीटांमध्ये तडा जाणं, हे पहिल्यांदा तिथेच शोधा.

कॉम्प्रेसर हाताशी असेल तर आणखी खात्रीचा मार्ग आहे. पिस्टन फायरिंगच्या टोकाला आणा, प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. सुस्कारा कार्बोरेटरमध्ये आला तर इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. इतकं स्पष्ट उत्तर मिळत असताना लोक अंदाजावर का जातात, हे मला अजून कळलेलं नाही.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावरच पाहायचं. एमजीबीचा कारखान्याचा आकडा चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड. आयडलिंगला २० दिसलं म्हणून घाबरून बेअरिंग बदलू नका, ते ठीक आहे. चालत्या गाडीत ३० च्या वर जात नसेल, तर आधी जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा, त्यात कचरा अडकला आहे का पाहा, स्प्रिंग पाहा. मग ऑइल पंप, आणि त्यानंतर बेअरिंग. आवाजही मदत करतो. अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट सोडताना टकटक आली आणि एका सिलिंडरची प्लग वायर काढल्यावर ती मंद झाली, तर त्या सिलिंडरचं बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग. लोडवर खोल, जड धपधप येत असेल तर मेन बेअरिंग. थंड असताना वाजणारा आणि गरम झाल्यावर बंद होणारा पिस्टन बराच काळ चालतो.

टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामधल्या फटीचा, आवाज मात्र फसवतो. वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा जो भाग वॉल्व्हवर आपटतो तिथे खळगा पडतो. फीलर गेज त्या खळग्यावरून सपाट जातं, हाताला १५ थाऊ लागतात आणि प्रत्यक्षात फट जास्त असते. तुम्ही कितीही वेळा सेटिंग केलं तरी आवाज जात नाही. रॉकर शाफ्ट काढून खालच्या बाजूनं बोट फिरवा, खड्डे लागतील.

पण वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मला शांत टॅपेटची जास्त काळजी वाटते. २००० सालाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही शिशाचं पेट्रोल बंद झालं. लोकांच्या आरोग्यासाठी ते बंद होणं गरजेचंच होतं. पण जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्ह थेट बिडाच्या सीटवर बसतो आणि शिशाचा पातळ थर त्या सीटला वाचवत होता. तो गेल्यावर, विशेषतः सतत वेगात चालणाऱ्या गाडीत, सीट खात जाते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत होत संपते. आवाज येत नाही, मालक खूश असतो, आणि एक दिवस वॉल्व्ह पूर्ण बंद होणं थांबतं आणि तो जळतो. म्हणून सेटिंग करताना फट वाढली की घटली, हे वहीत लिहून ठेवा. वारंवार घटत असेल तर हेड उतरवा आणि एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. हे काम एकदा झालं की कायमचं झालं.

आता समजा, सगळ्या तपासण्यांनी एकच उत्तर दिलं आणि इंजिन खोललं. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, मेन बेअरिंगची कॅप, पुशरॉड, टॅपेट, यांतला प्रत्येक भाग आपल्या मूळ जागेच्या खुणेसकट ठेवायचा. मग बोअर गेज. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे क्षणभर थांबून उलटी फिरते तिथे ऑइलचा थर तुटतो, गॅसचा दाब तिथेच सर्वांत जास्त आणि उष्णताही तिथेच. म्हणून सगळ्यांत जास्त झीज वर, कडेच्या खाली, आणि ज्या बाजूला पिस्टन ढकलला जातो त्या बाजूला. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. झीज आठ थाऊच्या आत असेल, बोअर फारसा अंडाकृती नसेल, तर होनिंग (बोअर दगडानं हलका घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. त्यापुढे गेलं तर पुढचा साइज. पिस्टन २०, ४० आणि ६० थाऊ मोठे मिळतात. २० मध्ये बोअर साफ निघत असताना ‘जास्त ताकद येईल’ म्हणून थेट ६० ला जाणारे मी पाहिले आहेत. ६० थाऊनं इंजिन साधारण १८६८ सीसीचं होतं, म्हणजे चार टक्के वाढ. त्या चार टक्क्यांसाठी ब्लॉकची पुढची दोन आयुष्यं खर्च होतात. मला हे पटत नाही.

क्रँकचंही तसंच : १०, २०, ३०, ४० अशा पायऱ्या, आणि प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किती गोल आहे हे मोजूनच पायरी ठरवायची. ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच हवी, काटकोन झाला तर क्रँक तिथूनच तुटतो. आणि ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवून धुतलं पाहिजे, कारण ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवं बेअरिंग काही तासांत संपतं. क्रँकची पुढे-मागे हालचाल चार ते पाच थाऊ हवी. एमजीबीमध्ये क्लचचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे. सिग्नलला क्लच दाबून बसण्याची सवय असेल तर ते बेअरिंगही संपतं आणि क्रँकची ही हालचाल रोखणारे मधल्या मेनवरचे थ्रस्ट वॉशरही.

वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट नवा घातला तर त्यावर टेकणारे टॅपेट (इथे फट नव्हे, सुटे भाग) नवेच घालायचे, जुने कधीही नाही. टॅपेटच्या तळाला बारीक खड्डे दिसले तर कॅमही गेलेला असतो. इंजिन ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं संयुग कॅमला वाचवतं. आधुनिक गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये ते कमी केलं आहे. या इंजिनाला ते पुरेसं असलेलं ऑइल शोधून घाला.

होनिंग झाल्यावर बोअर पेट्रोलनं पुसू नका. पेट्रोल ऑइल काढतं, पण दगडाची पूड धातूच्या रेघांमध्येच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग ऑइल लावून पांढऱ्या फडक्यानं पुसा आणि फडकं करडं होणं थांबेपर्यंत हे करत राहा. रिंगांची फट प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून मोजा. मेनच्या बोल्टला ७० फूट-पौंड, हेडच्या नटांना ४५ ते ५०, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. नवा कॅम असेल तर सुरू होताच २००० आरपीएमवर वीस मिनिटं धरा, आयडलिंगला सोडू नका, कारण कॅमवर ऑइल क्रँकच्या फिरण्यानं उडूनच पडतं. त्यानंतर गाडी रस्त्यावर काढा. हळूहळू, लोड न देता चालवत राहणं रिंगांसाठी वाईट आहे. मध्यम वेगात चढ चढवा, सोडा, पुन्हा चढवा, म्हणजे गॅसच्या दाबानं रिंगा बोअरवर बसतात. पाचशे मैलांनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट १५ थाऊवर लावा. आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ.