माप मार्चातले, पाऊस जूनचा

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या इमारतीत, बसस्थानकात किंवा संकेतस्थळावर दिव्यांग व्यक्तीला दुसऱ्याचा हात न धरता वावरता येते की नाही, हे तपासून देणे आणि येत नसेल तर काय बदलावे हे सांगणे, हा माझा व्यवसाय आहे. कागदोपत्री त्याला सुगम्यता सल्लागार म्हणतात. आमच्या लातूरकडे मात्र बहुतेक जण मला ‘ते रॅम्पवाले’ एवढ्यावरच ओळखतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण या व्यवसायात जोखीम म्हणजे काय, हे मला एका रॅम्पनेच दाखवून दिले.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयाने आम्हाला बोलावले. महिना अर्थातच मार्चचा होता. इमारतीचे जोते तीन फूट उंच होते आणि गुत्तेदाराने चौदा फुटांत रॅम्प बसवला होता, म्हणजे उतार जेमतेम १:५ चा. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन धडधाकट माणसे लागत आणि उतरवायला चार. मान्य प्रमाण १:१२ चे आहे. तीन फुटांसाठी छत्तीस फूट लांबी आणि मध्ये थांबण्यासाठी पाच फुटांचा सपाट भाग, असा आराखडा आम्ही दिला, त्यावर अडून बसलो आणि तसे काम करून घेतले. पाण्याची नळी लावून पातळी तपासली, दोन्ही बाजूंचे कठडे मोजले आणि अहवालाच्या शेवटी एक वाक्य लिहून खाली सही केली: ‘हा रॅम्प नियमानुसार असून व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी सुरक्षित आहे.’

मृगाचा पाऊस झाला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते, हे शेतकऱ्याच्या पोराला निराळे सांगावे लागत नाही. इमारतीचा पाया खोल होता, ती जागची हलली नाही. रॅम्प मात्र वरच्या भरावावर ओतलेला होता, तो हलला. जोते आणि रॅम्प जिथे मिळतात तिथे सुमारे दीड इंचाची पायरी तयार झाली. पायी चालणाऱ्याला ती दिसतही नाही, पण व्हीलचेअरची पुढची दोन लहान चाके तिथे अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. आमचे एक सहकारी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून व्हीलचेअर वापरतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मार्चमध्ये तोच रॅम्प त्यांनी चढून पाहिला होता. जूनमध्ये आपल्या एका कागदासाठी ते त्या कार्यालयात गेले आणि त्या दीड इंचावर पडले. मनगटाला प्लॅस्टर घालावे लागले. पुढच्याच आठवड्यात कार्यालयाचे पत्र आले: तुम्ही सुरक्षित म्हणून लिहून दिले होते, सबब खुलासा करावा, तोवर देयक थांबवण्यात येत आहे.

मी मामांना भेटायला गेलो. ते रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, “अहो, माप तुमचं मार्चातलं अन् पाऊस जूनचा.”

भरावाखालची काळी माती काढून मुरूम भरायला हवा होता, आणि तो न भरणे ही गुत्तेदाराची चूक होती. पण जमिनीखाली काय आहे हे मी विचारलेही नव्हते. आमच्याकडे काम उताराचे होते. ‘सुरक्षित’ हा शब्द मी पदरचा घातला होता. कोणी मागितला नसताना दिलेल्या शब्दाची जबाबदारी गुत्तेदारावर ढकलता येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या अहवालातले वाक्य बदलले. आता आम्ही लिहितो की अमुक तारखेला, अमुक मार्गदर्शक तत्त्वांच्या अमुक वर्षीच्या आवृत्तीनुसार, अमुक ठिकाणी मोजमाप केले असता अशी मापे आढळली. भराव, पाया आणि वीजजोडणी यांची तपासणी या कामात समाविष्ट नाही. प्रत्येक मापाचे छायाचित्र टेप दिसेल असे काढतो. पहिल्या मोठ्या पावसानंतरची दुसरी भेट शुल्कातच धरतो आणि ती झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे लिहून देत नाही. ग्राहकाला हे रुचत नाही. त्याला ‘शंभर टक्के दिव्यांगस्नेही’ असा चौकटीत लावण्याजोगा कागद हवा असतो, विशेषतः महाविद्यालयात पाहणी समिती यायची असली की परवापर्यंत हवा असतो. असा कागद मागणाऱ्या दोन महाविद्यालयांना आम्ही नकार दिला, आणि त्यांतले एक त्याच आठवड्यात दुसरीकडून तो घेऊन मोकळे झाले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मार्गदर्शक तत्त्वांची आवृत्ती लिहिण्यावर मी एवढा भर का देतो, हे कायद्याकडे पाहिले की लक्षात येते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय इमारत पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे सांगितले, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. ती केव्हाच उलटून गेली आहे. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. इमारती सुगम्य कशा असाव्यात हे सांगणाऱ्या केंद्र सरकारच्या सुसंवादी मार्गदर्शक तत्त्वांची (हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स) नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ चा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा जे बंधनकारक म्हणतो ते नियमाने शिफारशीसारखे करून ठेवले होते. आणि बंधनकारक नियम वेगळे काढण्यास केंद्र सरकारला सांगितले. काल ज्याला आपण ‘सूचना’ म्हणालो ते उद्या ‘अट’ होऊ शकते. जुना अहवाल कोणत्या निकषावर लिहिला होता, हे त्यातच नसेल तर पाच वर्षांनी तो आपल्याच विरुद्ध वाचला जातो.

संकेतस्थळ आणि मोबाईल ॲप तपासण्याच्या कामात तर हे पाच वर्षांवर जात नाही, पाच दिवसांतही घडते. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींना आणि अंध व्यक्तींना ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जाते, असा तो प्रश्न होता. त्यामुळे काम वाढणार आहे. पण सोमवारी तपासलेले ॲप शुक्रवारी अद्ययावत होते आणि बटणाचे नाव वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर एकाएकी मुका होतो. म्हणून तिथे आवृत्तीचा क्रमांक, फोन आणि वापरलेला स्क्रीन रीडर लिहूनच आम्ही सही करतो.

विम्याविषयी थोडे सांगतो. सल्लागारांसाठी व्यावसायिक दायित्व विमा मिळतो, आणि तो घ्यावाच. मात्र या पॉलिसीत सर्वसाधारणपणे दावा केव्हा दाखल झाला हे पाहिले जाते. काम केले तेव्हा पॉलिसी चालू होती आणि तक्रार आली तेव्हा ती बंद पडली होती, तर भरलेल्या हप्त्यांचा उपयोग होत नाही. काम कमी झाले म्हणून नूतनीकरण टाळावेसे वाटते, तेव्हा हे आठवावे.

पैशाची जोखीम मराठवाड्यात तरी मार्चच्या भोवती फिरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला तीन ठिकाणी टेप लावावी लागते आणि मे ते दिवाळी फोन वाजत नाही. देयक दिले की वस्तू व सेवा कराची जबाबदारी सुरू होते, रक्कम जमा झालेली असो वा नसो. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांच्या पुढे रक्कम अडकवता येत नाही आणि अडकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मी ते अजून कोणाकडे मागितलेले नाही. पण कायद्याचे कलम पत्रात लिहिले की फाईल टेबलावरून पुढे सरकते, एवढा अनुभव आहे. शुल्काचे आम्ही तीन भाग केले आहेत: सुरुवातीला, मसुदा दिल्यावर आणि पावसानंतरच्या भेटीनंतर.

फरशी, कठडे किंवा लिफ्ट विकणाऱ्याकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. अंध व्यक्तींसाठीची पट्ट्यांची आणि ठिपक्यांची फरशी गरज नसताना सुचवली गेल्याची, आणि ती थेट खांबावर नेऊन सोडल्याचीही उदाहरणे मी पाहिली आहेत. सुचवणाऱ्याला फुटामागे काही सुटत असेल, तर त्याचे माप कोण खरे मानेल?

राहिली ती माणसांची गोष्ट. प्रत्यक्ष चढून, चाचपून पाहणारे आमचे सहकारी हे हौशी पाहुणे नाहीत. त्यांना दिवसाचे मानधन, प्रवासखर्च आणि अपघात विमा मिळतो, सोबतच्या मदतनिसालाही मिळतो. त्यांच्या दिव्यांगत्वाची माहिती आणि छायाचित्रे लेखी संमतीशिवाय अहवालात जात नाहीत. नव्या रॅम्पवर आता आधी माणूस जात नाही. रिकाम्या खुर्चीत पन्नास किलोचे सिमेंटचे पोते पट्ट्याने बांधून ती आम्ही वर ढकलतो आणि पुढची चाके कुठे अडखळतात ते खडूने खुणावतो.

त्या तालुक्यातला रॅम्प कार्यालयाने पुढच्या उन्हाळ्यात उखडला, माती काढून मुरूम भरला आणि जोत्याशी सांधा ठेवून पुन्हा ओतला. अडकलेले देयक चौदा महिन्यांनी मिळाले. यंदा पहिल्या पावसानंतर आम्ही तिथे गेलो, तेव्हा पोते वर जाईपर्यंत मामा खाली थांबले होते; मग मला बाजूला करून, सांध्यावरून हात फिरवून, ते स्वतः चढले.

नमस्कार.